आजाराआधीचं आपलं माणूस

ब्रेन ट्यूमरने घरातलं माणूस गेलं की काही महिन्यांनी मागे राहिलेले एक विचित्र तक्रार करतात. रडू येतं, झोप लागत नाही, हे तर असतंच. पण त्याहून जास्त छळतं ते हे, की डोळे मिटले तर खरा चेहरा समोर येतच नाही. येतो तो औषधांनी सुजलेला, डोक्यावर टाक्यांची रेघ असलेला, आपल्याकडे परक्यासारखा बघणारा. संसार तीस वर्षांचा आणि आठवतात ते शेवटचे वर्षभराचे दिवस.

कुठल्याही मोठ्या आजाराचे शेवटचे दिवस मनात ठाण मांडून बसतात. पण हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसं निकामी होत असतानाही माणूस बरेचदा स्वभावाने तोच राहतो. चिडका असेल तर चिडका, थट्टेखोर असेल तर थट्टेखोर. ब्रेन ट्यूमरचं तसं नाही. जिथून आपलं बोलणं, हसणं, लाज, माया, हिशेब, सगळ्याचा कारभार चालतो तिथेच गाठ वाढते. त्यामुळे घरच्यांना एकाच माणसाचा निरोप दोनदा घ्यावा लागतो. पहिल्यांदा तो समोर बसलेला असताना आणि मग खरोखर गेल्यावर. पहिल्या निरोपाला कुणी भेटायला येत नाही, दहावं-तेरावं होत नाही. म्हणून तो मनात तसाच पडून राहतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मेंदूतली प्रत्येक गाठ जीवघेणी नसते. मेनिंजिओमासारख्या अनेक गाठी साध्या असतात, शस्त्रक्रियेनंतर माणसं पुढची कित्येक वर्षं नीट जगतात. हा लेख ज्या घरांत तसं झालं नाही, त्यांच्यासाठी आहे. ग्लिओब्लास्टोमा ही मोठ्या माणसांमधली सगळ्यात आक्रमक गाठ. २००५ साली रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे औषध देण्याची पद्धत सिद्ध झाली आणि आजही उपचारांचा पाया तोच आहे. त्या चाचणीत नुसतं रेडिएशन घेतलेले निम्मे रुग्ण साधारण १२ महिने जगले, औषध जोडल्यावर हा आकडा १४-१५ महिन्यांवर गेला. म्हणजे इतक्या मोठ्या शोधाने दिले ते अडीच महिने. घरच्यांना हे अडीच महिने किती मोठे वाटतात आणि किती अपुरे, हे त्यांनाच ठाऊक.

स्वयंपाकघरात उभी असलेली बहीण

कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो, त्याला फ्रंटल लोब म्हणतात. एखादं काम ठरवणं, ते सुरू करणं, एकापुढे एक पायऱ्या लावणं आणि नको ते बोलण्याआधी जीभ आवरणं, ही त्याची कामं. तिथे गाठ झाली की काही माणसं बेफाम होतात. चारचौघांत काहीही बोलतात, पैसे उधळतात, नातवावर हात उगारतात. काही अगदी थंड पडतात. मुलीचं लग्न ठरल्याची बातमी सांगितली तरी टीव्हीवरची नजर हलत नाही. बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. तिथे गाठ झाली की शब्द निसटतात, चमचा हवा असताना माणूस चावी मागतो आणि आपल्याला कळलं नाही म्हणून संतापतो. उजव्या बाजूच्या काही गाठींमध्ये डावीकडचं जगच नाहीसं होतं. ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते.

त्यात औषधांची भर. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड द्यावीच लागतात. त्याने चेहरा गोल होतो, भूक खवळते, झोप उडते, चिडचिड वाढते. फिट येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटामसारख्या गोळीनेही काही जणांचा स्वभाव तापट होतो. घरातल्यांना यातलं काहीच कुणी समजावून सांगितलेलं नसतं. मग निदान व्हायच्या आधी ‘हल्ली यांचं डोकंच ठिकाणावर नसतं’ आणि निदान झाल्यावर ‘इतकं करतो तरी यांना काही नाही’ असं सुरू होतं.

हे सगळं एका घराने किती बारकाईने पाहिलं होतं, त्याची गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेली आहे. वायल्डर पेनफिल्ड हे कॅनडातल्या माँट्रियलचे नामवंत मेंदू शल्यविशारद. १९२८ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्यासमोर टेबलावर त्यांची सख्खी मोठी बहीण होती, रूथ. वय त्रेचाळीस, पदरात सहा मुलं. गाठ उजव्या फ्रंटल लोबमध्ये होती. पेनफिल्ड यांनी तो लोब जवळजवळ सगळाच काढला, तरी गाठ पूर्ण निघाली नाही. (सख्ख्या बहिणीच्या मेंदूवर भावाने सुरी चालवावी का, हा प्रश्न आजही कुणाला पडेल. तेव्हा तेवढ्या अनुभवाचे हात जगात मोजकेच होते.)

रूथ बरी होऊन घरी गेली. बोलणं, चालणं, मुलांवरची माया, सगळं वरवर पूर्वीसारखं. साधारण सव्वा वर्षाने एकदा पेनफिल्ड तिच्याकडे जेवायला गेले. पाहुणा एकटा भाऊ आणि घरातली चार माणसं, एवढ्यांचाच साधा स्वयंपाक करायचा होता. दिवसभर वेळ होता, तिला हौसही होती. जेवायच्या वेळेला भाऊ पोहोचला तेव्हा रूथ स्वयंपाकघरात उभी होती. सगळं सामान समोर मांडलेलं, एक-दोन पदार्थ चुलीवर, पण सॅलड झालेलं नाही, मांस तर शिजायला ठेवलेलंही नाही. एकटीने दिवसभर धडपडून ती गोंधळून, रडकुंडीला आली होती. कुणीतरी हाताशी असतं तर तिने सगळं वेळेवर केलं असतं. एकेक पदार्थ तिला येत होता. आधी काय आणि नंतर काय, याचा धागा तेवढा तुटला होता.

जिच्या घरी रोज कुटुंबाचा स्वयंपाक होतो, तिला ह्या प्रसंगातली भीती वेगळी सांगायला नको. पोळ्या येतात, भाजी येते, आमटीची फोडणीही येते, पण ‘आता कुकर लावायचा’ हेच सुचत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिला करायचंच नाही.

गाठ पुन्हा वाढली. बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी दुसरी शस्त्रक्रिया केली, पण १९३१ साली रूथ गेली. चार वर्षांनी, १९३५ मध्ये पेनफिल्ड यांनी फ्रंटल लोबबद्दल एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात इतर रुग्णांबरोबर आपल्या बहिणीचीही नोंद आहे आणि त्यात हा स्वयंपाकघरातला प्रसंग आहे. मेंदूचा हा भाग नेमकं काय काम करतो, हे शिकवताना आजही रूथचं ते अर्धवट राहिलेलं जेवण सांगितलं जातं. बहिणीची आठवण जपण्याची ही एका डॉक्टर भावाची तऱ्हा. त्याने तिच्या गोंधळाला आळस म्हटलं नाही की वेड म्हटलं नाही. काय तुटलं आणि काय शाबूत राहिलं, हे त्याने नीट लिहून ठेवलं.

ते शब्द कुणाचे होते

मागे राहिलेल्या बायका-मुलांच्या मनात सगळ्यात खोल रुतलेलं असतं ते शेवटच्या काळातलं एखादं वाक्य. ‘तू माझ्या पैशांवर टपली आहेस.’ ‘मला तुझं तोंड बघायचं नाही.’ तीस वर्षांत कधी न बोललेला माणूस एका दुपारी बोलतो आणि नंतर सुधारायला वेळ मिळत नाही. मग वाटत राहतं, की आजाराने आवरण गळून पडलं आणि मनातलं खरं तेच बाहेर आलं. दारू प्यायल्यावर खरं बोलतात म्हणे, तसंच.

हे मनातून काढण्याचा एक साधा उपाय बहुतेक घरांत केलाच जात नाही. कपाटात हॉस्पिटलची जाडजूड फाइल असते. ती उघडायची हिंमत होत नाही आणि टाकवतही नाही. वर्षभराने, मन थोडं स्थिर झाल्यावर, ती घेऊन तुमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे जा. एमआरआयची फिल्म दाखवा आणि एवढंच विचारा, की गाठ कुठे होती आणि त्या जागेचं काम काय असतं. आजारपणाच्या धावपळीत आपण विचारतो ते ‘किती दिवस’ आणि ‘किती खर्च’. ‘ते असे का वागले’ हे विचारायचं राहूनच जातं. गाठ जीभ आवरणाऱ्या भागात होती, असं डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं की त्या वाक्याचं वजन बदलतं. लगेच नाही बदलत. पण बदलतं.

आणि तुम्ही स्वतः बोललेलं? रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना तोंडातून निघालेलं? दोन-दोन रात्री न झोपलेल्या माणसाच्या मेंदूचाही लगाम सुटतो. हिशेब करायचाच असेल तर त्या एका वाक्यासमोर बदललेल्या चादरीही मोजा.

लहान मुलांचं मात्र वेगळं. आपल्या भाषेत रागाचे अर्धे वाक्प्रचार डोक्याशी जोडलेले आहेत. ‘डोकं खाऊ नकोस’, ‘तुमच्या गोंगाटाने डोकं उठलं माझं’, ‘डोक्याला ताप झालाय नुसता’. ज्या घरात आई किंवा वडील डोकेदुखीने हैराण असतात तिथे ही वाक्यं दिवसातून दहादा कानावर पडतात. नंतर त्याच डोक्यात गाठ निघते आणि माणूस जातं. सात-आठ वर्षांचं मूल याचा सरळ अर्थ लावतं, की मी डोकं खाल्लं म्हणून झालं. ते हे बोलून दाखवत नाही. कधीकधी मोठं होईपर्यंत नाही. म्हणून त्याने न विचारताही सांगायला हवं, की गाठ कुणाच्या दंग्याने होत नाही, अभ्यास न केल्याने होत नाही आणि बाबा शेवटी शेवटी ओरडायचे ते त्या गाठीमुळे, तुझ्यामुळे नाही. एकदा सांगून भागत नाही. मूल दोन वर्षांनी मोठं झालं की त्याला तेच नव्याने समजावं लागतं.

सतरा वर्षांच्या मुलाचं पुस्तक

समोर असलेलं माणूस हरवत जाणं, याला मानसशास्त्रात नाव मिळालं ते १९७० च्या दशकात. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी ‘अँबिग्युअस लॉस’ ही संज्ञा आणली. धड गेलेलं नाही आणि धड आहे असंही नाही, असा वियोग. पण हे नाव मिळायच्या कितीतरी आधी एका बापाने तो लिहून ठेवला होता.

जॉन गुंथर हे अमेरिकेतले गाजलेले पत्रकार. देशोदेशी फिरून त्यांनी पुस्तकं लिहिली, त्यात १९३९ चं ‘इनसाइड एशिया’ही होतं. त्यांची पत्नी फ्रान्सिस हिचं भारताशी नातं अधिक जवळचं. तिचा जवाहरलाल नेहरूंशी पत्रव्यवहार होता आणि भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारं ‘रिव्होल्यूशन इन इंडिया’ हे पुस्तक तिने १९४४ साली लिहिलं. त्याच सुमारास दोघांचा घटस्फोट झाला. त्यांचा एकुलता मुलगा जॉनी वसतिगृहाच्या शाळेत शिकत होता. रसायनशास्त्राचं वेड, बुद्धिबळाची आवड, स्वभाव गमत्या. १९४६ च्या वसंतात त्याची मान आखडली. साधं काहीतरी असेल असं वाटलं. निघाली मेंदूतली गाठ.

पुढचे पंधरा महिने वेगळे झालेले आईबाप पुन्हा एका मुलाभोवती जमले. शस्त्रक्रिया, क्ष-किरण, नवी औषधं आणि कुणीतरी सुचवलेला पथ्याचा अघोरी वाटावा असा आहारही. (असं सुचवणारे हितचिंतक त्या काळात अमेरिकेतही होते, आपल्याकडेच असतात असं नाही. गुंथर जाणते पत्रकार होते, पण बाप म्हणून त्यांनी तेही करून पाहिलं.) जॉनीला अभ्यास सोडायचा नव्हता. डाव्या हाताने साथ सोडली, नजर अधू झाली, तरी तो परीक्षा देत राहिला, हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवला आणि जून १९४७ मध्ये डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत शाळेच्या पदवीदान समारंभात स्वतःच्या पायांनी चालत गेला. त्या महिन्याच्या ३० तारखेला तो गेला. वय सतरा.

१९४९ साली गुंथर यांचं ‘डेथ बी नॉट प्राउड’ प्रसिद्ध झालं. मुलाच्या आजारपणाचा हा वृत्तान्त अमेरिकेतल्या शाळांमध्ये पुढे कित्येक वर्षं वाचला गेला. मला त्यात महत्त्वाची वाटते ती त्याची रचना. बाप आजारपणाची हकीकत सांगतोच, पण पुस्तक तिथे संपत नाही. मागे जॉनीची स्वतःची पत्रं आहेत, डायरीतल्या नोंदी आहेत आणि शेवटी आईचं एक टिपण आहे. शल्यविशारद आणि अहवाल यांच्या मागे दडलेला खट्याळ, हुशार मुलगा त्याच्या स्वतःच्या शब्दांत वाचकाला भेटतो. कदाचित लिहिता लिहिता तो बापालाही पुन्हा भेटला असेल.

आपल्याला पुस्तक लिहायचं नाही. पण प्रत्येक घरात त्या माणसाच्या हातचं काहीतरी असतंच. किराणाची यादी, दिवाळीच्या फराळाची प्रमाणं लिहिलेली वही, बँकेच्या पासबुकात मारलेल्या खुणा, पुस्तकाच्या पहिल्या पानावरची सही. हॉस्पिटलची फाइल कपाटाच्या वरच्या खणात जपून ठेवलेली असते आणि ही वही रद्दीत जाते. उलट व्हायला हवं.

लवकर कळलं असतं तर

हा प्रश्न सुटत नाही. तीन महिने डोकं दुखत होतं, आपण बाम चोळत बसलो, चष्म्याचा नंबर बदलला. शेजारच्या काकू भेटायला येऊन हेच बोलून जातात.

डोकेदुखी सगळ्यांना होते आणि त्यातल्या फार थोड्यांना गाठ असते. प्रत्येक डोकेदुखीला कुणी एमआरआय काढत नाही, डॉक्टरही काढायला सांगत नाहीत. शिवाय ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूत आधीच मुळं पसरून बसलेल्या असतात, त्यामुळे दोन-चार आठवडे आधी कळण्याने शेवट बदलतोच असं नाही. कारणांचं म्हणाल तर मोठ्या मात्रेचं आयनीभवन करणारं रेडिएशन आणि काही मोजके आनुवंशिक आजार, एवढीच कारणं पक्की ठाऊक आहेत. बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. ताण, रागीट स्वभाव, उपास किंवा डोक्यावरून केलेली थंड पाण्याची आंघोळ यातल्या कशावरही खापर फोडायला आधार नाही.

मोबाइलचं काय, हा प्रश्न तुम्ही हे मोबाइलवर वाचत असल्यामुळे येणारच. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला, अनेक वर्षांच्या संशोधनांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. ‘मीच त्यांना तो फोन घेऊन दिला होता’ असं मनात घेऊन बसलेल्या मुला-मुलींनी हे दोनदा वाचावं.

न बोलणारा बाप

सगळेच आठवणी बोलून दाखवत नाहीत. एकाच घरात आई दिवसभर लेकीबद्दल बोलते आणि वडील विषय निघाला की गॅलरीत जाऊन उभे राहतात. मग ‘यांना काहीच वाटत नाही’ असा नवा घाव बसतो.

नील आर्मस्ट्राँग यांचं नाव इथे अनपेक्षित वाटेल. त्यांना कॅरेन नावाची मुलगी होती. १९६१ च्या उन्हाळ्यात, दोन वर्षांची असताना ती बागेत पडली आणि त्यानंतर तिचे डोळे तिरळे होऊ लागले. तपासणीत मेंदूच्या देठात, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणाऱ्या भागात, गाठ निघाली. ती पडण्याने झालेली नव्हती. पडणं हेच बहुधा गाठीचं लक्षण होतं. तिथली गाठ काढता येत नाही. रेडिएशनने काही दिवस ती पुन्हा चालायला लागली आणि २८ जानेवारी १९६२ रोजी गेली. तिसरा वाढदिवस अडीच महिन्यांवर होता. त्या दिवशी तिच्या आईवडिलांच्या लग्नाला सहा वर्षं पूर्ण झाली होती.

आर्मस्ट्राँग थोड्याच दिवसांत पुन्हा विमान उडवायला लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांची अंतराळवीर म्हणून निवड झाली. सोबत काम करणाऱ्या काही जणांना त्यांना मुलगी होती हेही ठाऊक नव्हतं. चंद्रावरून परतल्यावर ऑक्टोबर १९६९ मध्ये तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यात मुंबईलाही आले होते. तेव्हा त्यांना बघायला गेलेले आजी-आजोबा आजही काही घरांत असतील. २००५ साली जेम्स हॅन्सन यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे कॅरेनची हकीकत सविस्तर पुढे आली. २०१८ च्या ‘फर्स्ट मॅन’ सिनेमात आर्मस्ट्राँग चंद्रावर मुलीची ब्रेसलेट सोडतात असं दाखवलंय. तसं घडल्याचा पुरावा नाही. तरी प्रेक्षकांना ते पटलं, कारण इतक्या अबोल माणसाने मुलीला कुठेतरी जपलं असेलच, असं प्रत्येकाला वाटतं.

माझ्या मते न बोलणाऱ्याला बोलतं करायच्या मागे लागू नये. त्याच्यासोबत काहीतरी करावं. तिच्या सायकलची चेन दुरुस्त करावी, तिने लावलेल्या जास्वंदीची कुंडी बदलावी. मात्र दुसऱ्या जोडीदाराला बोलायला घरात एक तरी माणूस हवं. मावशी, मैत्रीण, धाकटा दीर, कुणीही. दोघांनी एकाच पद्धतीने दुःख करायला हवं हा हट्ट सोडला की पुष्कळ घरांतली भांडणं कमी होतील.

कॅरेनला झाली त्या गाठीला आज डीआयपीजी म्हणतात. साठ वर्षांनंतरही मुख्य उपचार रेडिएशनच राहिला आणि निदानानंतर बहुतेक मुलं वर्ष-दीड वर्षाच्या आत जातात. या गाठीचा तुकडा काढणं धोक्याचं मानलं जाई, म्हणून तपासायला नमुनेच नसत. ते मिळाले ते मुलं गेलेल्या आईबापांकडून. मृत्यूनंतर गाठीचा अंश संशोधनासाठी देण्याचा निर्णय त्यांनी त्या अवस्थेत घेतला. अशा नमुन्यांतून प्रयोगशाळेत पेशी वाढवता आल्या. २०१२ मध्ये या गाठींमधला एक ठरावीक जनुकीय बदल सापडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो बदल असलेल्या, उपचारांनंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी अमेरिकेत डॉर्डाव्हिप्रोन या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली. मंजुरीसाठी पाहिलेल्या ५० रुग्णांपैकी साधारण पाचात एकाची गाठ आकसली. हा आजार बरा करणारं औषध अजून नाही. पण जी मुलं तिसरा किंवा सातवा वाढदिवस बघू शकली नाहीत, त्यांचा त्यात वाटा आहे. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. हा निर्णय प्रत्येकाला झेपेल असा नाही आणि ज्यांनी घेतला नाही त्यांनी मनाला लावून घेण्याचंही कारण नाही.

फोनमधली माणसं

आता घराघरांतली सगळ्यात मोठी आठवणींची पेटी म्हणजे फोन. आणि तोच नकळत दगाही देतो. सकाळी गजर बंद करायला जावं तर ‘मागच्या वर्षी याच दिवशी’ म्हणत आयसीयूतला फोटो समोर येतो. हॉस्पिटलमधले सगळे फोटो निवडून एका वेगळ्या अल्बममध्ये हलवा आणि तो अल्बम लपवा. निदान पहिलं वर्षभर पुसू नका. आज नकोसा वाटणारा फोटो पाच वर्षांनी लागू शकतो, कारण त्यात उशाशी बसलेले तुम्हीही आहात.

भिंतीवर लावायचा फोटो निवडताना घाई होते. तेराव्याला हवा म्हणून शेवटचा सापडेल तो मोठा करून आणतात आणि पुढची वीस वर्षं हार त्यालाच. तो बदलता येतो. त्यात काही अशुभ नाही. सहलीतला, वाऱ्याने केस उडालेला, अर्धवट हसणारा फोटो लावला म्हणून कुणाचा मान कमी होत नाही.

आवाजाचं जास्त जपा. पुष्कळ रुग्णांचं बोलणं सगळ्यात आधी जातं, त्यामुळे शेवटच्या काळातलं रेकॉर्डिंग असलं तरी त्यात तो जुना आवाज नसतो. तो असतो आजाराआधीच्या व्हॉट्सअॅप व्हॉइस नोटमध्ये. ‘येताना कोथिंबीर आण’, ‘पोचलीस का, फोन कर’, अशा आठ-दहा सेकंदांत. फोन बदलला की त्या जातात, म्हणून आजच त्या दुसरीकडे उतरवून घ्या. नात्यातल्या सगळ्यांना विचारा. बडोद्याच्या आत्याकडे, इंदूरच्या मामाकडे, ऑफिसच्या ग्रुपवर असे तुकडे विखुरलेले असतात. ज्या घरात अजून आजारपण चालू आहे आणि बोलणं शाबूत आहे, तिथे नातवाला गोष्ट सांगताना फोन हळूच सुरू करून ठेवा. कॅमेरा समोर धरून ‘काहीतरी बोला’ म्हटलं की माणसं निरोपाचं बोलायला लागतात.

८ जून हा जागतिक ब्रेन ट्यूमर दिन. जर्मनीतल्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तो २००० साली सुरू केला. त्याची फीत करड्या रंगाची असते, मेंदूतल्या करड्या भागावरून. कुणी त्या दिवशी रक्तदान करतं. मुंबईत दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. त्या दिवसांत आपण स्वतः परगावी कुठे कुठे पथारी पसरली होती हे आठवून तिथे जेवणाचा खर्च उचलणारी कुटुंबं असतात.

आणि वर्षश्राद्ध, बरसी किंवा तुमच्या घरी जे काही करत असाल त्या दिवशी एक करून पाहा. येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, की प्रत्येकाने आजाराच्या आधीचा एक प्रसंग घेऊन यायचा. मोठा नको, गुणगान नको. शाळेतला मित्र वर्गातून पळाल्याचं सांगेल, कचेरीतली सहकारी डब्यातल्या भरल्या वांग्यांचं सांगेल, जाऊबाई एखादं जुनं भांडण सांगतील. दोन प्रसंग तरी असे निघतील जे तुम्हाला, तीस वर्षं एका छपराखाली राहूनही, माहीत नव्हते. ज्याला नीट जमेल अशा भाच्याला कोपऱ्यात बसवून ते फोनवर रेकॉर्ड करून घ्यायला सांगा आणि मग पानं वाढायला घ्या.